चाराचे दोन हात

“युरोपची थंडी? हॅ! तिला म्हणावं, गाठ माझ्याशी आहे!”

असं म्हणून मास्तरांनी कात्री टेबलावर अशी आपटली, की समोरचा ट्रॅव्हलवाला खुर्चीसकट मागे सरकला. मास्तर म्हणजे चौकातले टेलरमास्तर. त्यांच्या हातचा सूट अंगात चढवला की साधा कारकूनसुद्धा साहेबासारखा खाकरतो, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवली होती त्यांनीच. आणि “माझी शिवण उसवणारा अजून जन्माला यायचाय!” हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत, समोर गिऱ्हाईक असो वा नसो.

बिचाऱ्या ट्रॅव्हलवाल्याचं म्हणणं साधं होतं. ऐन हिवाळ्यात व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट, मिलान करायचं तर नवरा-बायकोला दोन जाड ओव्हरकोट लागणार, आणि त्या दोन कोटांतच बॅग भरणार.

“दोन कशाला?” मास्तर म्हणाले. “माणसं दोन, कोट एक! मी शिवतो!”

मास्तरीणबाई शेजारी बसून काज करत होत्या. त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. दुकानात कटिंग आणि बढाया मास्तरांकडे. काज, बटणं, हूक, चेन असली ‘किरकोळ’ कामं बाईंकडे. ही सहल ठरली होती तीही बाईंच्या संपामुळे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी शब्द दिला होता, “तुला बर्फ पडताना दाखवीन.” पण दर हिवाळ्यात सुटांचा सीझन आडवा यायचा. पंचवीस सीझन झाले, तेव्हा बाईंनी सुई खाली ठेवली आणि जाहीर केलं, “यंदा बर्फ नाही, तर काज नाही!” बिनकाजाचे अकरा सूट हँगरवर लोंबकळायला लागले, तसे मास्तर शुद्धीवर आले.

तर कोट तयार झाला. आता त्याची रचना नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातच आहे. गळे दोन. बाह्या दोन, डावी मास्तरांची, उजवी बाईंची. उरलेले दोन हात आत, एकाच अस्तराच्या खिशात, एकमेकांना ऊब देत! बनियनसारखा डोक्यातून घालायचा आणि पुढची लांबलचक चेन खालून वर ओढायची. दुरून पाहिलं तर सोफ्याला दोन डोकी फुटल्यासारखं दिसायचं.

“लग्नात दोनाचे चार हात करतात,” मास्तर छाती फुगवून म्हणाले. “मी चाराचे दोन केले!”

शेवटची ट्रायल घ्यायला त्यांनी नेमकी व्हिसाच्या मुलाखतीची सकाळ निवडली. बाई म्हणत होत्या, “अहो, आल्यावर बघू.” पण मास्तर ऐकतात होय! घरातच दोघं कोटात शिरली. मास्तरांनी चेन ऐटीत वर ओढली. सर्रर्र... आणि छातीपाशी खट्ट! रनरमध्ये अस्तर अडकलं. वर जाईना, खाली येईना.

मास्तरांनी ओढलं. बाईंनी ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं, पण विरुद्ध दिशांना. डोक्यावरून काढायला गेले तर कमरेला इतका चपखल बसलेला, की दोघं जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली.

“कात्री घ्या आणि कापा,” बाई म्हणाल्या.

“कापू? अगं, एक वेळ माझं नाक काप, पण कोटाला हात लावायचा नाही!”

“नाक तर आता रस्त्यात कापलं जाणारच आहे,” बाई म्हणाल्या. “चला, उशीर होतोय.”

मास्तरांनी तरी कात्री खिशात टाकली. कात्रीशिवाय ते दारातल्या दुधाच्या पिशव्या घ्यायलाही जात नसत.

जिना उतरायचा तर एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय एकदम पडायला हवा. लग्नानंतर प्रथमच दोघांना पाऊल जुळवावं लागत होतं. तीन पायऱ्यांवर जमलं, चौथीवर शेजारच्या काकूंचं दार उघडलं.

“अय्या! या वयात इतकं प्रेम!” काकू म्हणाल्या, आणि आत वळून ओरडल्या, “अहो, बघा बघा! शिका जरा!”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, “सवारी एक की दोन?”

“तुला काय वाटतं?” मास्तर भडकले.

“मला काही वाटत नाही साहेब. पण फुटलं-बिटलं तर जबाबदार मी नाही.”

कोट गुडघ्यापर्यंत आवळलेला, त्यामुळे बसता येईना. शेवटी दोघं मागच्या सीटवर गुंडाळलेल्या सतरंजीसारखी आडवी झाली. मास्तरांचा कान बाईंच्या तोंडाशी आला. शिलाईमशीन नाही, गिऱ्हाईक नाही, पळायला जागा नाही! बाईंनी संधी साधली.

“आधी मिलान का म्हणे?”

“अगं, सुटांचं गाव ते! तिथल्या कॉलरी बघायच्यात मला.”

“आणि मला आधी व्हिएन्ना बघायचंय. का, ते विचारलंत कधी?”

एरवी मास्तर ‘हं’ म्हणून मशीन चालू करत. आज पाय हलवायलाही जागा नव्हती.

“का?” त्यांनी विचारलं.

“माहेरी स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. बर्फाने भरलेली छपरं आणि एकाच घराची पिवळी खिडकी. खाली लिहिलं होतं, व्हिएन्ना. वर्ष संपलं तरी मी ते काढू दिलं नाही. लग्नात बरोबर आणलं.”

“मग? कुठंय ते?”

“तुम्ही त्याचं कॉलरचं पॅटर्न कापलंत.”

ते पॅटर्न मास्तरांना चांगलं आठवत होतं. आत्तासुद्धा ते दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं. त्यावर गेली पंचवीस वर्षं ते कॉलरी कापत होते आणि मागच्या बाजूला काय आहे हे त्यांनी एकदाही उलटून पाहिलं नव्हतं. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की आतल्या खिशात त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. दुसरं काही धरण्यासारखं नव्हतंच म्हणा.

व्हिसाच्या कचेरीच्या दारात गार्ड उभा होता.

“एका वेळी एकच माणूस!”

“आम्ही एकच आहोत!” मास्तर म्हणाले.

गार्डने डोकी मोजली, पाय मोजले, आणि हिशेब लागेना तेव्हा तपासणीच्या चौकटीतून दोघांना आडवं सरकवलं. चौकट बोंबलायला लागली! मास्तरांच्या अंगावर टाचण्या किती, याचा त्यांनाही अंदाज नव्हता. टाचण्या निघाल्या, सुया निघाल्या आणि शेवटी कात्री निघाली. ती गार्डने जप्त करून ट्रेमध्ये ठेवली.

खिडकीमागे चष्म्यातल्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“पहिलं शहर कुठलं?”

मास्तरांना पिवळी खिडकी आठवली. बाईंना शेजारी हिरमुसलेला नवरा दिसत होता. दोघं एकदम बोलली.

“व्हिएन्ना!” मास्तर म्हणाले.

“मिलान!” बाई म्हणाल्या.

मॅडमची भुवई वर गेली.

“अगं, मी तुझ्यासाठी व्हिएन्ना म्हटलं!”

“आणि मी तुमच्यासाठी मिलान!”

“एका कोटातून दोन उत्तरं!” मॅडमनी फाइल मिटली. “अशाने चालायचं नाही. मुलाखत वेगवेगळी होईल. एकाने आत यायचं, दुसऱ्याने बाहेर थांबायचं.”

“मॅडम, तेवढं सोडून काहीही सांगा,” मास्तर गयावया करू लागले.

“मग पुढची तारीख घ्या. मार्चअखेरची आहे.”

मार्चअखेर! तोवर बर्फाचं पाणी होऊन ते नदीला मिळालेलं असणार. आणि पुढल्या हिवाळ्यात पुन्हा सीझन! खिशातला बाईंचा हात हळूच सुटला.

मास्तरांनी एकदा आपल्या कोटाकडे पाहिलं. असं अस्तर, अशी शिवण, असे दोन गळे जगात कुणी केले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ते ओरडले, “गार्डसाहेब! माझी कात्री आणा!”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

“माझा उजवा हात आत आहे. तूच काप,” ते बाईंना म्हणाले. “वरपासून खालपर्यंत काप. बघत राहू नकोस, नाहीतर माझा विचार बदलेल.”

पंचवीस वर्षांत मास्तरांनी आपल्या कापडाला दुसऱ्या कुणाची कात्री लागू दिली नव्हती. बाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “कात्री नको.”

त्या जराशा वाकल्या, गुडघ्यापाशी काहीतरी चिमटीत धरलं आणि वर ओढलं. सर्रर्र! कोट खालपासून छातीपर्यंत उघडला. बाई गळ्यातून डोकं काढून खालून बाहेर पडल्या आणि केस सारखे करत उभ्या राहिल्या.

मास्तर कोटातून नुसते बघत होते. “हे काय आहे?”

“दुसरा रनर. बसताना खालून उघडता यावा म्हणून मी परवाच लावला.”

“अगं, मग सकाळपासून बोलली का नाहीस? जिन्यात लाज गेली, टॅक्सीत कंबर गेली!”

“सकाळी सांगितलं असतं, तर तुम्ही कोटातून सुटून पुढे पळाला असता,” बाई म्हणाल्या. “इतका वेळ माझ्याजवळ कधी थांबलायत? ‘कापा’ म्हटलं तरी तुम्ही कापणार नाही, हे ठाऊक होतंच. म्हटलं, असू दे अडकलेला.”

मॅडमनी पुन्हा चष्मा पुसला. या खेपेला त्याला कारण होतं.

वेगवेगळ्या मुलाखती झाल्या. ‘पहिलं शहर कुठलं?’ याला बाईंनी उत्तर दिलं, “ते म्हणतील ते,” आणि मास्तरांनी दिलं, “ती म्हणेल ते.” शेवटी मॅडमच वैतागून म्हणाल्या, “व्हिएन्ना लिहिते! व्हिसा मिळेल. आता जा!”

बाहेर येताना मास्तर हवेत होते. थांबवून ठेवलेल्या टॅक्सीपाशी पोचताच त्यांनी कोट पुन्हा पसरला. “ये गं आत! तुझा रनर चालतो कसा, बघू तरी. कामात सफाई आहे हं तुझ्या!”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कौतुक झालेलं! बाई लाजत आत शिरल्या. मास्तरांनी खालचा रनर झोकात खाली ओढला.

खट्ट!

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आता तिसरा रनर कुठंय?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“आता खरंच अडकलोय हो,” बाई म्हणाल्या. “कात्री काढा.”

मास्तरांनी खिसा चाचपला. कात्री गार्डच्या ट्रेमध्ये राहिली होती, आणि मागे कचेरीचं शटर खाली येत होतं.

टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, “या. आडवेच ना?”