जोडीतला भोपळा

असं समजा, मुलांनो, की तुमचं डोकं भोपळ्यात अडकलंय. हसू नका, आधी नीट समजा. भाजीचा भोपळा नव्हे, तानपुऱ्याचा. मिरजेत ज्याचे तानपुरे करतात तो, घागरीपेक्षा थोराड आणि चवीला जहर कडू. आत काळोख आहे. नाकाला बियांचा वास येतोय. तुम्ही "आई" म्हणालात की तो आवाज चारी बाजूंनी तुमच्याच कानांवर आदळतोय, आणि आई मात्र काही येत नाहीये. समजलं? झालं तर मग. आता त्या डोक्याला मिशा लावा, जाड भिंगांचा चष्मा खिशात ठेवा आणि ते डोकं चाळिशीतल्या एका लेखकाचं आहे असं धरा, म्हणजे तुम्ही थेट मतीनच्या जागी येऊन बसलात.

मतीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचा. लेखकाचं कसं असतं, एक पुस्तक पोटात असतं आणि एक पाठीवर. पोटातलं लिहायचं आणि पाठीवरचं गावोगाव नेऊन दाखवायचं. मतीनच्या पाठीवर त्या वेळी 'मेढ्याचा हरवलेला रेडा' होता. सांगलीचे प्रकाशक बाळासो त्याला त्या रेड्यापायी शाळाशाळांतून फिरवत होते. पोटातल्या पुस्तकाला अजून नाव नव्हतं. त्यात नूरीन नावाची मुलगी वाद्यांच्या कारखान्यात शिरते, भल्यामोठ्या भोपळ्यात लपते आणि चोरांचं बोलणं ऐकते. इथपर्यंत सगळं झकास जमलं होतं. पुढं गाडी अडली. भोपळ्यात बसलेल्या पोरीला बाहेरचं बोलणं नेमकं ऐकू येतं कसं, हे मतीनला ठाऊक नव्हतं, आणि स्वतः अनुभवल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही असा त्याचा बाणा होता. रेड्याच्या वेळी तो मेढ्याला जाऊन गोठ्यात झोपला होता. घरी आला तेव्हा अंगावर इतक्या गोचिडी होत्या की अम्मीनं त्याला अंगणातच उभा केला.

आता भोपळ्याचं म्हणाल तर घरात भोपळ्यांना काय तोटा? मतीनचे अब्बा, अल्लाबक्ष, हे मिरजेतले जुने तानपुरे करणारे. पण त्या दिवशी अंगणात ठेवलेले दोन भोपळे काही साधे नव्हते. गवयाच्या मागं दोन तानपुरे लागतात ना, ते जोडीचे असावे लागतात, जुळ्या भावंडांसारखे. अब्बा कित्येक हंगाम भीमाकाठचे मळे पालथे घालत होते, तेव्हा कुठं ही जोड मिळाली होती. भोपळे पाण्यात मुरवून मऊ केले होते, वरचं तोंड कापून आतला गर काढला होता, आणि सुकताना तोंड आकसू नये म्हणून आत काड्यांचा टेकू दिला होता. मग अब्बा एक दुरुस्त केलेला तानपुरा घेऊन सकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेले. जाताना एवढंच बजावून गेले की आजच्या दिवस त्या भोपळ्यांवर कुणी सावलीसुद्धा पाडायची नाही.

घरातले बाकीचे सगळे सांगलीला लग्नाला गेले होते. थोरल्या भावाची, मुजीबची, नऊ वर्षांची कशिश तेवढी मागं होती. तिला चाचाजवळ ठेवलंय असं मोठी माणसं म्हणत होती. खरं तर चाचाला तिच्याजवळ ठेवलं होतं.

मतीननं चष्मा काढून खिशात घातला, एका भोपळ्यातल्या काड्या हळूच काढल्या आणि ओणवा होऊन डोकं आत घातलं. ओला भोपळा मऊ होता. डोकं लोण्यात गेल्यासारखं गेलं. त्यानं कशिशला चोरासारखं बोलायला सांगितलं. कशिश पायरीवर बसून म्हणाली, "चाचू, चोर म्हणतोय की भाईर ये, बाळासोकाका टेम्पो घिऊन आल्यात."

मतीन घाईनं उठला. भोपळाही त्याच्याबरोबर उठला.

दोघांनी ओढून पाहिलं. कशिशनं खोबरेल आणलं, ते मतीननं वासावरूनच ओळखलं आणि आतून घुमला की तेल लागलेला भोपळा पुढं रंग धरत नाही. मग राहिलं पाणी. परत भिजवला की भोपळा सैल होणार, हे लेखक झाला तरी कारागिराच्या पोराला ठाऊक होतंच. पण भोपळे मुरवायची टाकी अब्बांनी सकाळीच उपसून पालथी घातली होती आणि नळाला पाणी यायचं ते संध्याकाळी.

बाळासो दारात आले, भोपळ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. जाहिरातीसाठी लेखक काहीच करत नाहीत, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं.

"आवं लेखक, आधी तरी सांगायचं," ते म्हणाले. "मी बँडवाला आणला असता."

मतीननं आतून सगळी हकिकत सांगितली. बाहेर त्यातलं फक्त 'भूं भूं' आलं. बाळासोंनी ते पाठ केलेलं भाषण आहे असं धरून मान डोलावली. शेवटी कशिशनं अर्थ सांगितला, तेव्हा बाळासो म्हणाले की आज भाषण आहे त्या कोरेगावच्या शाळेत पाण्याची ही मोठी टाकी आहे, तिथं गेल्या गेल्या भिजवू. मुलं वाट बघत बसली आहेत, उशीर नको.

टेम्पोत पुढं बाळासो, कशिश आणि भोपळा हे तिघं काही मावेनात. म्हणून मतीनला मागं, रेड्याच्या खोक्यांवर बसवलं. इथं खरी चूक झाली, मुलांनो. दोरीवरचं ओलं धोतर वाऱ्यावर कसं सुकतं, पाहिलंय ना तुम्ही? मिरजेहून कराड आणि कराडहून कोरेगाव, सगळ्या वाटेनं ऊन आणि वारा खात भोपळा सुकत गेला आणि त्याचं तोंड आकसत गेलं. टोलनाक्यावरच्या माणसानं मागं कोण आहे म्हणून विचारलं. लेखक आहेत, असं बाळासोंनी सांगितलं. त्या माणसानं आणखी काही विचारलं नाही. त्याला बहुधा ते पटलं.

कोरेगावच्या शाळेत मुख्याध्यापिका संयोगिताबाई हार घेऊन फाटकातच उभ्या होत्या. हार भोपळ्यावरून खाली उतरेना, तेव्हा त्यांनी तो मतीनच्या हातात दिला. मतीन टाकीकडं निघाला, म्हणजे भिंतीकडं निघाला. कशिशनं त्याला वळवला. तेवढ्यात शिपाई अर्जुनामामा फेटा घेऊन आडवे आले. पाहुण्यानं बोडक्या डोक्यानं व्यासपीठावर चढायचं नाही, असा त्या शाळेचा रिवाज होता आणि पंचक्रोशीतले सगळे फेटे अर्जुनामामाच बांधत. त्यांनी भोपळा एकदा डावीकडून पाहिला, एकदा उजवीकडून पाहिला आणि आणखी दोन फेटे मागवले. एक शेंदरी, एक गुलाबी आणि एक मोठ्या साहेबांसाठी राखून ठेवलेला जरीचा, असे तीन फेटे एकाला एक जोडले, तेव्हा कुठं पाठीवर शेमला सुटला.

"एवढं डोकं आजवर कुणाचं बांधलं न्हवतं," अर्जुनामामा घाम पुसत म्हणाले.

आता पाणी घालायची सोय उरली नाही. फेट्याचा रंग सुटून भोपळ्याला लागला असता आणि गुलाबी तानपुरा कुठल्या गवयाला चालतो?

भाषण सुरू झालं. मतीननं पहिली दोन वाक्यं झेंड्याच्या खांबाला उद्देशून म्हटली, मग कशिशनं त्याला मुलांकडं फिरवला. तो आतून रेड्याबद्दल बोलत होता, बाहेर ढगांचा गडगडाट ऐकू येत होता, आणि दर गडगडाटाला पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी त्यानं एकेक शब्द सुटा करून बोलायला घेतलं, तेव्हा थोडं समजू लागलं. तसा पुढच्या रांगेतला शंभूराज उठला.

"सर, मी पुस्तक दोनदा वाचलंय. त्यात भोपळा न्हाईच की."

बाळासोंनी खोक्याचं झाकण अलगद लावून घेतलं. मतीनच्या कपाळावर घाम आला आणि तो पुसायला हात कुठून नेणार? त्यानं एक खोल श्वास घेतला, तर गराचा एक धागा नाकात गेला आणि तो शिंकला. ती शिंक भोपळ्यातून अशी काही निघाली की मागच्या झाडावरचे बगळे उडाले. त्या गोंधळात पोटातलं पुस्तक आणि पाठीवरचं पुस्तक एकमेकांत मिसळलं. मतीन सांगत सुटला. मेढ्याचा रेडा डोंगर उतरला, माग काढत काढत मिरजेत आला आणि वाद्यांच्या कारखान्यात घुसला. भोपळ्यात नूरीन लपलेली. बाहेर चोर, चोरांच्या मागं रेडा. नूरीनला बाहेरचं काही दिसत नाही, फक्त रवंथ ऐकू येतोय. आणि ती विचार करतेय, हा चोर आहे की रेडा?

पोरं बाकांवर उभी राहिली. संयोगिताबाई त्यांना खाली बसवायला उठल्या आणि स्वतःच ऐकत उभ्या राहिल्या. गोष्ट संपली तेव्हा खोक्यांवर झुंबड उडाली. सगळे रेडे खपले. बाळासो भोपळ्याला तोंड लावून हळूच म्हणाले, "लेखक, ह्यो कारखान्याचा भाग कितव्या पानावर हाय?"

"लिहायचाय अजून."

"मंग मी आत्ता इकलं काय?"

एवढं सगळं होईतो बाळासोंनी आणखी एक काम केलं होतं. फेटा बांधलेल्या भोपळ्याचा फोटो त्यांनी शाळेच्या नावासकट फोनवरच्या सगळ्या गटांत पाठवून दिला होता. असा फोटो वाऱ्यापेक्षा लवकर फिरतो. साताऱ्यात एका गायिकेच्या घरी अब्बा तानपुरा लावत बसले होते. त्या घरच्या सुनेनं हसत हसत तो फोटो त्यांना दाखवला. शेंदरी फेट्याखाली भोपळ्याची गोलाई एवढी एवढीशी दिसत होती. पण गर्दीत हरवलेलं पोर आईला पाठमोरंही ओळखू येतं. अब्बांनी खुंटी अर्धी पिळलेली तशीच सोडली आणि कोरेगावची जीप धरली.

इकडं शाळेच्या टाकीपाशी फेटे उतरवून मतीनला बसवला होता. ओलं पोतं भोपळ्याच्या तोंडाशी गुंडाळून अर्जुनामामा तांब्यातांब्यानं पाणी घालत होते आणि सगळी शाळा गोल करून उभी होती. काठ थोडा मऊ झाला. पण ओढला की मतीन ओरडायचा आणि भोपळा तिथंच. संयोगिताबाईंना आता काळजी वाटू लागली. गुदमरले तर काय करायचं? त्यांच्या सांगण्यावरून अर्जुनामामांनी करवत आणली. करवत हे नाव कानावर पडताच मतीननं दोन्ही हातांनी भोपळ्याला मिठी मारली.

"मान कापा," आतून आवाज आला, "पण भोपळा न्हाई. जोड फुटंल."

तेवढ्यात भोपळ्यावर टकटक झालं. बोटाच्या पेरानं, दोनदा, जरा थांबून तिसऱ्यांदा. लहानपणापासून मतीननं ही टकटक ऐकली होती, पण ती भोपळ्याच्या बाहेरून. त्यानं भोपळ्याची मिठी सोडली.

"अब्बा?"

अब्बा शेजारी टेकले होते. त्यांनी भोपळ्याला कान लावला होता.

"सा लाव," ते म्हणाले.

"अब्बा, माझी मान..."

"सा लाव म्हंतो न्हवं."

मतीननं सा लावला. अब्बा मान हलवून म्हणाले, "गळा बेसूर हाय. भोपळा मातूर एक लंबर." मग त्यांनी काठावरून बोट फिरवलं. काठ कुठंही वाकडा झाला नव्हता. काड्यांच्या टेकूनं राहतो त्याहून गोल राहिला होता. "बघा बाई," ते संयोगिताबाईंना म्हणाले, "ह्याच्या डोक्याचा आज पयल्यांदा काय तरी उपेग झाला."

पोरं हसली. अब्बा हसले नाहीत. त्यांनी अर्जुनामामांच्या हातातली करवत घेतली. मतीनला ते दिसत नव्हतं, पण गोल करून उभी असलेली पोरं एकदम गप्प झाली, त्यावरून त्याला समजलं. तो नको नको म्हणू लागला. तुम्ही एवढे मळे हिंडलात, म्हणाला. दुसरी जोड कुठून आणाल, म्हणाला. मला राहू द्या असाच, मी असाच लिहीन.

"गप बस," अब्बा म्हणाले. "भोपळं दर साली येत्यात. जमंल जोड."

त्यांनी करवतीचं पातं भोपळ्यावर टेकवलं. टेकवलं आणि तसंच धरून बसले. हात पुढंही जाईना आणि मागंही येईना. बाळासोंनी मान फिरवली. अर्जुनामामा उगाच तांब्या पुसू लागले.

कशिश इतका वेळ जमिनीवर पालथी पडून, मान वाकडी करून, भोपळ्याच्या तोंडातून आत बघत होती. मोठी माणसं वरून बघत होती म्हणून त्यांना भोपळा दिसत होता. तिला खालून चाचू दिसत होता.

"दादाजान, थांबा जरा," ती उठून बसत म्हणाली. "डोकं न्हाई अडकलं. कान अडकल्यात."

अब्बांनी स्वतः आत हात घालून बघितला, बोटांच्या पुढं काही जाईना. बाळासोंचा तर तेवढाही गेला नाही. कशिशनं फ्रॉकला हात पुसले आणि दोन्ही बाजूंनी आत सरकवले. मनगटापर्यंत गेले. आत तिनं चाचाचे दोन्ही कान पकडले, घडी घातल्यासारखे डोक्याला चिकटवून दाबले आणि अब्बांना म्हणाली, "आता काडा."

अब्बांनी करवत टाकली आणि दोन्ही तळव्यांत भोपळा धरून वर उचलला. भोपळा मांजराच्या पिलासारखा अलगद वर आला. खालून मतीनचा चेहरा निघाला, लालबुंद, मिशांना गराचे धागे लागलेले, उजेडानं डोळे बारीक झालेले. पोरांनी जो ओरडा केला तो पार बाजारपेठेपर्यंत गेला असेल. अब्बांनी मतीनकडं पाहिलंसुद्धा नाही. ते भोपळा मांडीवर घेऊन खाली बसले आणि पंच्यानं त्याचं अंग पुसू लागले. पुसता पुसता मात्र त्यांनी एकदा डोळ्यांवरूनही पंचा फिरवला.

मतीन हळूच उठायला गेला. पण त्याला उठता येईना, कारण कशिशनं कान अजून सोडले नव्हते. सगळ्या शाळेसमोर तिनं ते दोन्ही कान तसेच घट्ट धरले आणि चाचाचं डोकं दादाजानकडं वळवलं.