स्कूटरच्या ट्यूबचं प्रोस्टेट

एखाद्या माणसाला न दुखवता, न कळू देता, त्याच्याच पायांनी डॉक्टरकडे न्यायचं ही एक कला आहे आणि ती मला उपजत येते! निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी मी असं छातीठोकपणे सांगत असे.

प्रश्न दादाचा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. मध्यंतरी एका लग्नाला जाताना त्यानं वाटेत तीनदा गाडी थांबवायला लावली. सिनेमाला गेलो तर अर्धा सिनेमा मी त्याला बाहेर आल्यावर सांगितला. आमच्या बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता आणि तो फार उशिरा कळला. त्यामुळे दादा असा उठला की मला बाबाच आठवायचे. पण विषय काढणार कोण? आमच्या घरातले पुरुष कमरेखालचं बोलतात ते फक्त गुडघ्यांबद्दल!

"सरळ विचारा ना भाऊजींना," बायको म्हणाली.

"सरळ विचारलं तर तो उठून जाईल."

"ते तसेही उठूनच जातायत."

तिला कलेतलं काही कळत नाही. माझं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथेच प्रोस्टेटच्या कॅन्सरवर जनजागृतीचा कार्यक्रम ठेवायचा, संशोधनासाठी मदतपेटी ठेवायची, डॉक्टरांचं भाषण करायचं. दादा पहिल्या रांगेत बसेल, ऐकेल, आतून चरकेल आणि गुपचूप तपासणी करून येईल. साप मरेल की नाही माहीत नाही, पण निदान काठी तरी माझी दिसणार नाही!

मोठ्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टरबाई यायला तयार झाल्या. "चित्रांचे तक्ते आणते," त्या म्हणाल्या.

"तक्ते कशाला? आम्ही पंपवाले आहोत. चालू मॉडेल बनवतो!"

आमच्या हेडफिटरनं ते जीव ओतून बनवलं. वर पाण्याचं पिंप, ते मूत्राशय. त्यातून खाली उतरणारी पारदर्शक नळी. नळीभोवती आवळून बसवलेली स्कूटरची ट्यूब, ते प्रोस्टेट. ट्यूबमध्ये हवा भरली की नळी दबायची आणि खालच्या बादलीत पडणारी धार बारीक व्हायची. झालं! वर्कशॉपमधलं काम थांबलं. जो तो येऊन हवा भरून बघायला लागला.

"मालक, हे फक्त पुरुषांनाच असतं?"

"हो."

"मुळात असतंच कशाला?"

"ते... डॉक्टरबाई सांगतील."

"काढून बसवता येतं?"

"तो पंप नाही रे!"

इतकं कुतूहल मी नव्या मशिनबद्दलही कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांना साहजिकच पुढचा प्रश्न पडला, की मालकांना अचानक याची एवढी आस्था का? आणि उत्तरही त्यांनीच काढलं. मालकांनाच झालाय!

मला काहीच पत्ता नव्हता. एवढंच दिसायचं, की मी बाथरूमला निघालो की सगळी मशिनं बंद होतायत. सगळे श्वास रोखून कान देतायत. बाहेर आलो की हेडफिटर डोळे पुसत विचारायचा, "झाली का व्यवस्थित?" संध्याकाळी मावशीचा फोन आला, तोही हुंदक्यांसकट.

"एवढं दुखणं आणि मावशीला सांगितलं नाहीस?"

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"तुझे बाबाही असंच म्हणायचे!"

कार्यक्रमाच्या दिवशी दादा खरंच पहिल्या रांगेत बसला. डॉक्टरबाई छान बोलल्या. ही ग्रंथी वयानं वाढतेच, वाढली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. उलट कॅन्सर असला तरी सुरुवातीला कित्येकांना काहीच त्रास होत नाही. "म्हणून ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला तो झालाय," त्या म्हणाल्या, "त्यांनी त्रासाची वाट न बघता डॉक्टरांशी बोलावं."

मी दादाकडे सूचक नजरेनं पाहिलं. दादाही माझ्याकडे तसंच पाहत होता.

मग मॉडेलची पाळी आली. हवा भरायच्या हातपंपानं धार म्हणावी तशी बारीक होईना. मागच्या रांगा माना उंचावत होत्या. हेडफिटरला राहवलं नाही. त्यानं सरळ कॉम्प्रेसर जोडला!

"अरे, बास!" मी ओरडेपर्यंत ट्यूब भोपळ्याएवढी झाली, कान बधिर करणारा आवाज झाला, नळी निखळली आणि अख्खं पिंप पहिल्या रांगेवर ओतलं गेलं. मदतपेटी तरंगत दारापर्यंत गेली.

"प्रत्यक्षात असं काही होत नाही!" डॉक्टरबाई नखशिखांत भिजून ओरडत होत्या. "कृपया कोणी घाबरू नका!"

त्या गोंधळात निथळणारा दादा माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कानावर आलंय माझ्या. उद्या सकाळी आपण हॉस्पिटलात जाऊ. मी आहे ना बरोबर."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! मी चेहरा होईल तेवढा पाडला. "दादा, तूही करून घेशील का रे तपासणी? मला एकट्याला भीती वाटते."

"करतो की."

बघा! याला म्हणतात कला!

दुसऱ्या दिवशी रक्त घेण्याच्या खोलीत आम्ही पाऊल टाकलं आणि नर्सबाई उठूनच उभ्या राहिल्या. "या काका! यंदा लवकर आलात?"

मी दादाकडे बघतच राहिलो.

"बाबा गेल्यापासून दरवर्षी येतो," दादा म्हणाला. "इथं त्यावर संशोधन चालतं, त्यासाठीही रक्त देतो."

"मग ते तीनदा गाडी थांबवणं?"

"ग्रंथी वाढलीय थोडी. साधीच आहे, तपासलंय सगळं. गोळी चालू आहे. लग्नाच्या गडबडीत घ्यायची राहिली."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?" मला हायसंही वाटलं आणि रागही आला.

"कसं सांगणार? आपल्या घरात बोलतं का कोणी? तुला इथं कसं आणावं, याच विवंचनेत होतो मी. काल म्हटलं, आयतीच संधी आली." मग तो हळूच म्हणाला, "बाबा काय माझ्या एकट्याचे होते का रे?"

मी शर्टाची बाही वर केली. नर्सबाईंनी मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा आवळला आणि विचारलं, "याआधी कधी केली होती तपासणी?"

दादा कान देऊन ऐकत होता.

"मी," मी घसा खाकरला, "मी... आयोजक आहे."