बाईसाहेबांचा बंदोबस्त

आमच्या मांजरीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस बाहेर सोडायची नाही. उडी मारली तर टाके तुटतील." आता आमच्या बाईसाहेब (मांजरीला घरात हेच म्हणतात, मला काय म्हणतात ते सोडा) म्हणजे खिडकीतून निघून तीन-तीन दिवस गावभर हिंडणाऱ्या. बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते मला बघवेना.

"तू खुशाल ऑफिसला जा. मी रजा काढतो," मी म्हणालो. आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक मांजर सांभाळणं म्हणजे काय मोठं!

मी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. (अंगठ्यालाही एकदा ठोकलं.) मुख्य दार आपोआप बंद व्हावं म्हणून स्प्रिंग बसवली आणि दाराच्या आतल्या बाजूला नियम चिकटवले. एक, मांजर डोळ्यांनी दिसल्याशिवाय दार उघडू नये. दोन, मांजर मोकळी असताना दार उघडू नये. तीन, मांजरीला कोणत्याही कारणाने उडी मारायला लावू नये. चार, वरील नियम कोणासाठीही मोडू नयेत.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा लावून नियम वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खाली 'वाचले' म्हणून सही केली. मला फार बरं वाटलं. घरात प्रथमच कोणीतरी माझं ऐकत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांना बेडरूममध्ये बंद करून (निदान माझी तशी समजूत होती) मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलो. अंगात बनियन आणि गुडघ्यावर विरलेला पायजमा. मागे स्प्रिंगनं आपलं काम चोख केलं; लॅच लागलं आणि किल्ली आतच. मी बेल वाजवली.

"मांजर कुठे आहे?" आतून सासूबाई.

"बेडरूममध्ये."

"बेडरूमचं दार सताड उघडं आहे, जावईबापू. आत मांजर नाही."

माझ्या पायांतूनच निसटली असणार! तसाच धावलो. जिने पालथे घातले, प्रत्येक गाडीखाली रांगलो, गुडघा सोलवटून घेतला. ओले टाके घेऊन ती कुठे पडली असेल या विचारानं रडूच यायचं बाकी होतं.

"काय हरवलं?" कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"बाईसाहेब निघून गेल्या हो!"

त्यानं माझा अवतार नीट न्याहाळला. "कंटाळल्या असतील," तो सहानुभूतीनं म्हणाला. "माहेरी चौकशी केलीत का?"

लंगडत वर आलो तर आतून आवाज आला, "सापडली! कपाटावर बसली आहे."

"देवा! आई, उघडा लवकर!"

"कशी उघडू? मोकळी आहे. नियम दोन."

"मग खाली उतरवून खोलीत कोंडा ना!"

"माझा हात पोचत नाही. हुसकली तर उडी मारेल. नियम तीन."

"अहो, पण नियम मीच केलेत!"

"म्हणून तर मोडवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "चार वाचू का?"

आणि खरं सांगतो, मला त्यांच्यावर ओरडता येईना. उडी मारली आणि टाके तुटले तर? मी पायरीवर बसलो. समोरच्या काकू दोनदा दार उघडून बघून गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी सासूबाईंनी लेकीला ऑफिसात फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकरवर. मला दाराबाहेर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अगं, इथे घोटाळा झालाय. एक आत आहे आणि एक बाहेर अडकलंय."

"अगं बाई!" बायकोचा आवाज कापत होता. माझा ऊर भरून आला. "आई, आत कोण आहे?"

"मांजर."

"हात्तिच्या!" बायकोनं मोठा सुस्कारा सोडला. "मग काही घाई नाही. मी येते सहापर्यंत."