सर्व जागांसाठी पात्र

फुटबॉल क्लबात एक डावा विंगर होता आणि तो डाव्या बाजूने खेळत असे. इतकी साधी व्यवस्था पहिल्या हंगामभर चालली. तो मैदानाच्या कडेने असा सुटायचा की लोकांनी त्याचं नावच वारा ठेवलं. देशाच्या संघात डावीकडून खेळायचं, एवढी एकच इच्छा त्याने उराशी धरली होती आणि बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या हंगामात उजव्या विंगरचा घोटा मुरगळला. प्रशिक्षकांनी वाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकाच सामन्याचा प्रश्न आहे रे. तुला काय, तू कुठेही खेळशील."

वारा उजवीकडून खेळला आणि गाढवपणा असा की उत्तम खेळला. वाईट खेळला असता तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. डावीकडे तोवर व्यवस्थापकांचा मेहुणा उभा राहिला होता. मेहुण्याला दुसऱ्या कुठल्याही जागी खेळता येत नव्हतं. खरं तर त्या जागीही येत नव्हतं. त्यामुळे त्याला हलवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य ठरलं.

मग एका बचावपटूवर बंदी आली. वारा मागे गेला. गोलरक्षकाला गालगुंड झालं. वारा हातमोजे घालून उभा राहिला आणि पेनल्टी अडवून बसला. कार्यकारिणीने एकमताने ठराव केला की सदर खेळाडूची लवचिकता ही क्लबची सामायिक मालमत्ता समजण्यात यावी. सामायिक म्हटल्यावर मैदानाची हद्द कशाला? गवत कापणारा रजेवर गेला, निवेदकाचा घसा बसला, आणि दोन्ही ठिकाणी वाराच दिसू लागला.

"नाही म्हणायला तुझी जीभ झडते का?" बायको म्हणाली.

"अगं, अडचण होती त्यांची."

"अडचण त्यांची आणि फरफट तुझी! उद्या अध्यक्षांच्या सासूला दवाखान्यात न्यायला सांगतील, तिथेही जाशील."

अध्यक्षांच्या सासूबाई स्वभावाने फार चांगल्या निघाल्या.

अखेर तो दिवस उगवला. देशाच्या संघासाठी डावा विंगर हवा म्हणून निवडकर्ते स्वतः क्लबात आले. वाऱ्याने बुटांच्या नाड्या घट्ट आवळल्या. प्रशिक्षकांनी त्याला अभिमानाने पुढे केलं.

"हा आमचा हिरा! डावीकडून खेळतो, उजवीकडून, मागे, गोलमध्ये. गवतही झकास कापतो."

"पण हा नक्की आहे कोण?" निवडकर्त्यांनी विचारलं.

"डावा विंगर, साहेब," वारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मध्ये बोलला होता. "एकदा तिथे उभं करून बघा."

"आज कसं जमेल?" प्रशिक्षक कळवळून म्हणाले. "गोलमध्ये दुसरं कोण आहे?"

सामना झाला. वाऱ्याने गोलमधून मेहुण्याची पाठ बघितली. मेहुणा चेंडूच्या वाटेला गेला नाही, पण आपली जागाही त्याने सोडली नाही. निवडकर्ते भारावले.

"चार हंगाम एकाच जागी! विशेषज्ञ म्हणतात तो हाच."

मेहुण्याची निवड झाली. त्याला विमानतळावर सोडायला वाराच गेला, कारण ड्रायव्हरच्या घरी लग्न होतं. परत येताना त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडला. फोन वाजला तेव्हा डोळे पुसून तो म्हणाला, "हो, येतो ना."

वाचकहो, तुमचाही जीव हळहळला असेल. साहजिकच आहे, माणूस होताच तसा गुणी. तुमच्या कचेरीतही असा एकजण आहेच. उद्या त्याला आवर्जून विचारा, बाबा रे, तुला मुळात कोणत्या कामासाठी घेतलं होतं? तो आठवू लागेल, तेवढ्यात तुमचं राहिलेलं काम त्याच्या टेबलावर ठेवता येईल.