आंबेकोंडचे कपाट कैसे फत्ते जाहले

श्रीगजाननास वंदून, शारदेस स्मरून, ग्रामदेवता काळकाईचे पायी मस्तक ठेवून, आणि मौजे आंबेकोंड, तालुका माणगाव, येथील वरची आळी व खालची आळी या दोहींकडील थोरांस एकाच वेळी मुजरा करून (आधी कोणास केला हे पुसू नये) ही हकीकत लिहिली ऐसीजे. पुढील पिढ्यांनी विचारावे की, माध्यमिक शाळेच्या दहावीतील प्रत्येक विद्यार्थ्यास आपआपली टॅब नामे काचेची पाटी कैसी प्राप्त जाहली, कोण झुंजले, कोण निजले, तर त्यांस मजकूर ठाऊक असावा. लेखक कोणाचा पक्षपाती नाही. लेखकास याच गावी राहणे आहे.

ऐसियासी प्रसंग ऐसा जे, शाळेचे गणिताचे मास्तर गेले साली सेवानिवृत्त जाहले, आणि जागा रिक्त पडली, आणि वरून फर्मान आले की जागा लवकरच भरली जाईल, परंतु लवकर म्हणजे कोणत्या साली ते फर्मानात नव्हते. मग मुख्याध्यापक राजश्री सुजित सर यांनी खेळाच्या मास्तरांस गणिताच्या मोर्च्यावर पाठविले, आणि त्यांनी मुलांकडून पाढे म्हणवून कवायत करविली, आणि सहामाही परीक्षेत निम्मा वर्ग कामी आला. इतक्यात मुंबईच्या कोणा धनाढ्य पेढीस सुबुद्धी होऊन तिने दहावीच्या पटाबरहुकूम बेचाळीस पाट्या रवाना केल्या. एकेका पाटीचे पोटी सबंध गणित भरलेले, आणि आत मास्तरही बसविलेला, आणि तो मास्तर ऐसा गुणी की कळले नाही म्हणून शंभर वेळा मागे नेला तरी रागे भरत नाही. ऐसा मास्तर आंबेकोंडात पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

या पाट्यांकडे सर्वांचे डोळे लागले, परंतु कल्पिता नामे मुलीचे अधिक. तिचे वडील मालट्रक चालवीत, ते दोन वर्षांमागे महामार्गावर अपघातात वारले. घरी फोन एकच, तो थोरल्या भावासंगे सकाळीच कारखान्यात जाई. सहामाहीत तिचे गणित गेले, आणि चुलत्याने निर्वाणीचे सांगितले की, बोर्डात पास होशील तर माणगावास अकरावीला जाशील, नाहीतर मुंबईस मामाकडे त्याचे पोर सांभाळावयास जाशील. मुलगी हट्टी, शिकावयाची तिला मनापासून हौस, आणि परीक्षा माघ सरता सरता. तेव्हा तिचे पुढील आयुष्य त्या एका पाटीवर येऊन ठेपले होते, हे वाचकाने विसरू नये, कारण गावातील थोर मंडळी ते विसरली.

थोरांचे म्हणणे वेगळेच होते. पाट्या आल्या त्या उद्घाटनावाचून वाटाव्या कैशा, आणि उद्घाटन म्हटले म्हणजे नारळ आला, आणि नारळ म्हटला म्हणजे मान आला. वरच्या आळीचे धनी, शाळा कमिटीचे अध्यक्ष, राजमान्य राजश्री अंबाजीराव यांनी फर्माविले की, शिमग्यात पालखीपुढे पहिला नारळ आमचा, सबब पाट्यांपुढेही आमचा. खालच्या आळीचे धनी, विद्यमान सरपंच, राजमान्य राजश्री काळूराम यांनी उलट खलिता धाडिला की, नवरात्रात पहिला नारळ आमचा, आणि पाट्या तर नवरात्रानंतर लागलीच आल्या. उभयतां नात्याने मेहुणे, म्हणून वैर घरचेच आणि जुने. मग दोन नारळ एकदम फोडावे ऐसा तहाचा मसुदा निघाला, तर एक-दोन-तीन कोणी म्हणावे यावर तो मोडला. मग काळकाईस कौल लाविला, तो देवीचे अंगावरील फूल उजवेही पडेना आणि डावेही पडेना, आणि सांज जाहली तेव्हा गुरव जेवावयास घरी गेला. देवी शहाणी, तिलाही याच गावी राहणे आहे.

तेव्हा पाट्या शाळेच्या लोखंडी कपाटात दाखल करून कपाटास तीन कुलुपे ठोकिली, एक अंबाजीरावांचे, एक काळूरामांचे, आणि दोहींत तंटा नको म्हणून एक मुख्याध्यापकांचे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष लागला. कपाटावर कोणी हळदीकुंकू वाहिले, कोणी उदबत्ती लाविली, आणि आतले मास्तर अंधारात गप्प बसून राहिले. मुले येता जाता कपाटाकडे पाहत. कल्पिता शाळा सुटल्यावर मागे राहून कपाटासमोरील बाकावर गणिताचे पुस्तक उघडून बसे, आणि पुस्तक तिला काही सांगत नसे, आणि मग ती घरी जाई.

या समयी इंग्रजीच्या शिक्षिका सुचिताबाई यांनी मोहीम शिरी घेतली. मसलत कैसी सुचली, तर संक्रांतीनंतर काळूरामांच्या घरी हळदीकुंकू जाहले, त्यास बाई गेल्या होत्या. तेथे सरपंचांचे कुटुंब, सौभाग्यवती वज्रचूडेमंडित सोनूबाई, यांनी पन्नास बायकांस हळदकुंकू लाविले, तिळगूळ दिला, आणि प्रत्येकीस वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी दिली. बाईंनी निरखून पाहिले की, येथे प्रमुख पाहुणा नाही, फीत नाही, नारळ फोडणे नाही, भाषण नाही, आणि तरी पाऊण तासात पन्नास चाळण्या पन्नास घरी पोचल्या. बाई चाळणी हाती धरून तैशाच बसून राहिल्या. मग सोनूबाईंस माजघरात नेऊन त्यांनी मसलत सांगितली की, रथसप्तमीस हळदीकुंकू शाळेत करावे, दहावीच्या मुलांच्या आयांस बोलवावे, आणि वाण कपाटातून काढावे.

सोनूबाई म्हणजे काळूरामांच्या पत्नी आणि अंबाजीरावांच्या सख्ख्या धाकट्या भगिनी, म्हणजे दोन्ही फौजांत त्यांचा मुक्त वावर. त्यांनी विडा उचलिला. रथसप्तमीचे दिवशी त्या तिळगूळ घेऊन भावाकडे गेल्या, भावास पुरणपोळी आग्रह करकरून वाढली, आणि अंबाजीराव झोपाळ्यावर कलंडताच देवघरातील तसबिरीमागून किल्ली दस्त केली. तेथून घरी येऊन यजमानांस तीच मेजवानी दिली, आणि तेही घोरू लागल्यावर त्यांच्या बंडीच्या खिशातून दुसरी किल्ली घेतली. राहिले सुजित सर. त्यांस आगाऊ इशारा पोचताच त्यांनी आपली किल्ली टेबलावर विसरून ठेविली, आणि माणगावास मिटिंग आहे ऐसे सांगून स्कूटरवर कूच केले. वार रविवार होता, परंतु रविवारी मिटिंग कसली हे कोणी विचारले नाही.

दुपारी शाळेत सतरंज्या पडल्या. आया जमल्या, मुले पटांगणात उभी राहिली. तिन्ही कुलुपे उघडली. सोनूबाई करंडा घेऊन बसल्या आणि एकेकीस हळदकुंकू, तिळगूळ आणि वाण देऊ लागल्या. सुचिताबाईंनी कुलुपे उघडताच पाट्या थोड्या चार्ज करून, सकाळीच लिहून ठेविलेली विद्यार्थ्यांची नावे त्यांवर चिकटविली होती, सबब घोळ कोठेच नाही. इतक्यात उभय सेनापती आपआपल्या घरी जागे जाहले, किल्ल्या गेल्याचे उमगले, आणि दोन वाटांनी धावत एकाच वेळी शाळेच्या दारी पोचले. अंबाजीरावांनी पुकार केला की हे काय चालले आहे. सुचिताबाईंनी अदबीने कळविले की वाण चालले आहे, वाटप नव्हे, वाणास नारळ लागत नाही. हळदीकुंकवात पुरुषांनी बोलावे ऐसी रीत नाही, तेव्हा उभयतां दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. प्रत्येकाने पाहिले की दुसऱ्याचाही मान राहिला नाही, आणि मग दोघांस पुष्कळ समाधान वाटले.

परंतु शेवटी कपाटात एक पाटी उरली. तिजवर नाव कल्पिताचे. तिच्या आईस, वेणूबाईंस, बोलावणेच गेले नव्हते. कोणी मुद्दाम टाळले ऐसेही नव्हे. हळदीकुंकवाचे बोलावणे घरोघर फिरताना त्या दारावरून सवयीने पुढे गेले, आणि सुचिताबाईंसारख्या शहाण्या बाईंच्याही ते ध्यानी आले नाही. लेखकास याचे वाईट वाटले, ते येथे लिहून ठेवितो.

बाई शरमल्या आणि पाटी घेऊन पटांगणात कल्पितास हाक मारू लागल्या, तो अंबाजीरावांस एकाएकी रीत आठवली. त्यांनी हरकत घेतली की, वाण आहे तर सवाष्णीच्या हाती जावे, मुलीच्या हाती दिले की ते वाटप जाहले, वाटप म्हटले की उद्घाटन आले, मग ही एकच का, साऱ्याच पाट्या कपाटात परत याव्या. काळूरामांनी त्यास दुजोरा दिला. शिमग्यापासून नवरात्रापर्यंत कधी एक न जाहलेले दोन मेहुणे या एका गोष्टीवर एक जाहले. आयांनी आपआपल्या पाट्या पदराखाली घेतल्या. मग कोणी सुचविले की शेजारणीने मुलीच्या नावे वाण घ्यावे आणि प्रकरण मिटवावे. ते कल्पिताने ऐकिले.

"माजी आय हाय की," ती म्हणाली. "मी तिलाच आनते." आणि ती निघाली.

वेणूबाई गावाखालच्या शेतात वाल खुडीत होत्या. भात निघाल्यावर त्या ओलीवर लावलेला वाल, त्यावर त्यांचे घर चाले. मुलीमागून त्या तैशाच आल्या, पायांस माती, ओच्यात शेंगा, आणि वर्गाच्या उंबरठ्याशी येऊन आपोआप थांबल्या. सोनूबाई करंडा घेऊन उठल्या, दोन पावले चालल्या, आणि ज्या हाताने दोन सेनापतींच्या किल्ल्या हरण केल्या तोच हात कुंकवाशी जाऊन थबकला. भिऊन थबकला की लाजून, हे त्यांचे त्यांस ठाऊक. लेखक मागील खिडकीशी उभा होता, आणि तोही तेथूनच पाहत राहिला.

तेव्हा वेणूबाईच बोलल्या. "काकी, कुकवाचं ऱ्हाऊ द्या. मी त्याच्यासाठी न्हाय आली. माज्या पोरीचं गनित हाय त्याच्यात. तेवढं माज्या हातात द्या."

सोनूबाईंनी करंडा खाली ठेविला. "आत ये आदी," म्हणाल्या, "अशी उंबऱ्यावर वाण घेत्यात व्हय? बस." आणि वेणूबाईंस हाती धरून सतरंजीवर मधोमध बसविले, आणि त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेविला, आणि दोहीं हातांनी पाटी दिली. अंबाजीराव दारातून काही बोलावयास खाकरले. सोनूबाईंनी मान न वळविता हुकूम सोडला: "दादा, वाण कुनाला द्यायचं ते देनारीनं बगायचं. देनारी मी हाय." काळूरामांनी आपल्या कुटुंबाच्या मुद्रेकडे पाहिले, रात्री घरीच जेवावयाचे आहे याची आठवण ठेविली, आणि मेहुण्याची बाजू तेथेच सोडली. मग अंबाजीरावही नाइलाजाने मागे सरले.

गावातल्या कोणी वेणूबाईंच्या हातावर तिळगूळ ठेविला, त्यास दोन वर्षे लोटली होती. त्यांनी तो लागलीच खाल्ला नाही, मुठीत धरून बसल्या. मग पाटी पदराने पुसून मुलीच्या हाती दिली. कल्पिता तेथेच भिंतीशी टेकून बसली, बोट फिरविले, आणि आतले मास्तर बोलू लागले. त्यांनी वर्गसमीकरण मांडिले, ते तिला कळले नाही, तिने त्यांस मागे नेले, आणि ते न रागावता पुन्हा बोलले. दुसऱ्यांदाही कळले नाही. तिसऱ्यांदा तिने आईच्या ओच्यातली एक शेंग काढून सोलावयास घेतली आणि ऐकत राहिली, तेव्हा लेखकाने जाणिले की आता हिला घाई नाही.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, रविवारी, आंबेकोंडचे कपाट रिते जाहले, आणि दहावीचा प्रत्येक विद्यार्थी आपआपल्या पाटीचा धनी जाहला. उभय सेनापती सुखरूप घरी पोचले. मुख्याध्यापक दिवेलागणीस परतले आणि कपाट उघडे पाहून त्यांनी यथायोग्य आश्चर्य केले.

सतरंज्या गुंडाळताना वेणूबाई उठल्या, कारण उन्हे उतरली होती आणि वालाचा अर्धा वाफा राहिला होता. दाराशी जाऊन त्या वळल्या आणि सर्व बायकांस म्हणाल्या, "फुडल्या साली हळदीकुकू माज्या घरी. समद्यांनी यायचं." बायकांनी सोनूबाईंकडे पाहिले. मग सोनूबाई म्हणाल्या, येतो, आणि त्यांच्यामागून एकेक करून साऱ्याच म्हणाल्या. एकीनेही नाही म्हटले नाही, सबब या मोहिमेची फत्ते जाहली ऐसे येथे दाखल केले असे.