अण्णांची ‘ठीक हाय’ची ओळ

आमच्या शिवगोंडा अण्णांनी लिहिलेले प्रोग्रॅम चक्क कोल्हापुरीत बोंबलायचे. बाकीच्या जगात कॉम्प्युटर बिघडला की इंग्रजीत कसलातरी नंबर दाखवतो. दुधाच्या वजनाचा काटा बंद पडला, की अण्णांचा कॉम्प्युटर सांगायचा, "काटा बोलंना झालाय." फॅट मोजायच्या मशीनची वायर निसटली तर, "मशीन रुसलंय, वायर बघा." तरी कुणी हललं नाही, तर पाच मिनिटांनी, "पावणं, बघताय न्हवं?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात आमची सहा माणसांची कंपनी होती. गावोगावच्या दूध संस्थांना आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर द्यायचो. अण्णा आमच्यात वयानं मोठे, सीमेजवळच्या गावचे. बोलणं मराठीत, पण आकडे मोजायचे ते कन्नडमध्ये, पुटपुटत. कॉम्प्युटर ते कुठं शिकले, देव जाणे. पण अख्ख्या ऑफिसात त्यांच्याएवढं डोकं कुणाला नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

त्यांचा सगळा जीव लॉगमध्ये. प्रोग्रॅम दिवसभर काय काय करतो ते तो स्वतःच ओळीओळीनं लिहून ठेवत असतो, त्याला लॉग म्हणतात. लोक सकाळी पेपर वाचतात, अण्णा लॉग वाचायचे. एकदा पेठ वडगावच्या संस्थेचा लॉग वाचता वाचता म्हणाले, तिथल्या सचिवांचा गुडघा दुखायला लागलाय. मी हसलो. फोन लावला तर खरंच की! काट्यापासून कॉम्प्युटरपर्यंत यायला सचिवांना दुप्पट वेळ लागत होता, तेवढ्यावरनं या माणसानं गुडघा ओळखला. मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढं इंटरनेटवर एक सोय निघाली. प्रोग्रॅमनं लॉगमधली ओळ परदेशातल्या कुठल्याशा कंपनीकडं धाडायची आणि तिनं ती आपल्या मोबाइलवर मेसेज म्हणून पोचवायची. याला क्लाउड म्हणतात, असं मी सांगितल्यावर अण्णा खूश झाले. हातकणंगल्याचा निरोप ढगातनं येणार, म्हणजे एसटीपेक्षा बरं, असं त्यांचं मत पडलं. आठ दिवसांत त्यांनी गगनबावड्यापर्यंतच्या सगळ्या संस्था जोडून टाकल्या.

पण अण्णांचे प्रोग्रॅम बिघाड झाल्यावरच कळवायचे असं नाही, सगळं धड असलं तरी कळवायचे. रोज सकाळी प्रत्येक गावातनं एकच ओळ, "ठीक हाय." आमचे मोबाइल उजाडल्यापासून थरथरायला लागायचे. माझी बायको म्हणायची, ठीक आहे तर सांगतात कशाला? शेवटी कंपनीचे मालक, आमचे साहेब, वैतागले. त्यांनी फर्मान काढलं की बिघाड तेवढा कळवा, बाकी सगळं बंद.

कधी नाही ते अण्णा भांडले. "साहेब, बोंबलतोय त्याची काळजी नसती, तो जित्ता हाय. गप झालाय त्याच्याकडं आधी पळायचं असतं."

साहेब ऐकेनात आणि अण्णा काही केल्या ती ओळ काढेनात. मग ते काम माझ्या गळ्यात पडलं. संध्याकाळी अण्णा खोलीवर गेल्यावर मी सगळ्या यादीचं ‘ठीक हाय’ बंद करून टाकलं. यादीत शेवटी संस्थेचं नाव नसलेली एक नोंद होती. चाचणीची असेल म्हणून तीही बंद केली. अण्णांना उद्या सांगू म्हटलं. खरं तर तोंड दाखवायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आलेच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुपारी आले ते धुळीनं माखून, आणि गटागटा तांब्याभर पाणी प्यायले. कुठं गेलता, असं विचारलं तर म्हणाले, "अक्काकडं."

मग एकेक कळत गेलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेलेला, कानानं ठार बहिरी, त्यामुळं फोनचा उपयोग शून्य. गावातलं घर सोडायला तयार नाही. अण्णांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तिच्या स्वयंपाकघरात बसवला होता. चूल पेटवली की ती एक बटण दाबायची आणि अण्णांना मेसेज यायचा, "अक्का ठीक हाय." तो वाचून अण्णा इकडनं उत्तर धाडायचे, आणि तिच्या पडद्यावर उमटायचं, "शिवा ठीक हाय." अक्काला तेवढं वाचता यायचं.

यादीतली ती शेवटची नोंद अक्काची होती.

"मेसेज आला न्हाई, तसा गाडी काढून पळालो," अण्णा म्हणाले. "तिनं चारदा बटण दाबलं व्हतं. माझं उत्तर आलं न्हाई म्हणून रडत बसलेली. मलाच काय झालं वाटलं तिला."

मी सरळ सांगितलं की बंद मी केलं. शिव्या खायची तयारी होती. अण्णांनी नुसता तांब्या खाली ठेवला. साहेबांना न विचारता मी त्यांच्यासमोरच अक्काची ओळ पुन्हा सुरू केली. ते शेजारी उभे राहून बघत होते. मग खाली मान घालून म्हणाले, "अक्काला मी उत्तर देतो न्हवं रोज, ते तुझ्या मोबाइलवरबी येऊ दे की. खोलीवर मी एकटाच असतोय."