धनलालजींच्या फोनचा आग्रह

"यंदाच्या हंगामानंतर गोंदियात लोक दोनच माणसांना ओळखतील," लोकेंद्र पटलेनं कुडव्याच्या आपल्या स्वयंपाकघरात जाहीर केलं, "एक कलेक्टर, आन् दुसरा मी!"

"कलेक्टरले पगार तरी भेटते," योगेश्वरी पोळी उलटत म्हणाली.

बायको खरं बोलली की लोकेंद्रला नेहमी तहान लागायची. तो उठून पाणी प्यायला. गावात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. राईस मिल, दवाखाने, कोचिंग क्लास यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेरे वर्षाच्या करारावर सांभाळायचे, हा धंदा. पण अलीकडे मेले कॉम्प्युटर बिघडेनातच! आणि बिघडलेच तर गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या जी, पोरगा मोबाईलवर पाहून दुरुस्त करते." पुण्याला असलेल्या मेव्हण्यानं, हेमेंद्रनं, त्याच्यासाठी कंपनीत नोकरी पाहून ठेवली होती. योगेश्वरी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. म्हणजे तो पुण्याला, ती कुडव्यात, आणि संसार फोनवर! दोघांनाही ते नको होतं. शेवटी ठरलं, महिनाअखेरपर्यंत वाट पाहायची. नवा धंदा जमला तर इथंच राहायचं, नाही तर पुण्याचं तिकीट काढायचं.

हा नवा धंदा म्हणजे एआयचा सल्ला! लोकेंद्रनं मोबाईलवर एका सुटाबुटातल्या माणसाचं भाषण ऐकलं होतं. तो म्हणाला, दुरुस्तीचा जमाना गेला, आता सल्ला विका. लोकेंद्रला हे पटकन पटलं. सल्ल्याला स्पेअर पार्ट लागत नाही! त्या माणसानं पुढं असंही सांगितलं होतं की यंत्रानं लिहिलेलं प्रत्येक उत्तर सुरुवातीला स्वतः वाचून मगच जाऊ द्या. पण तेवढ्यात दूधवाला आला होता.

पहिलं गिऱ्हाईक त्यानं मोठंच गाठलं. तिरोडा रोडवरचे राईस मिलवाले धनलालजी रहांगडाले. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकलेलं धान वर्षानुवर्षं त्यांच्याच मिलमध्ये भरडायला यायचं. पण दोन वर्षांपूर्वी छोटेलालनं पलीकडं नवी मिल टाकली, रंग पाहून दाणा निवडणारं मशीन बसवलं, आणि धनलालजींचे शेतकरी एकेक करून तिकडं वळू लागले. उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारत. धनलालजी एका बोटानं उत्तर लिहीत. उत्तर पोचेपर्यंत धान छोटेलालकडं भरडून तांदूळ घरी गेलेला असायचा.

"तुमचा फोन आता स्वतःच बोलन," लोकेंद्रनं खुर्ची पुढं ओढून सांगितलं. "तुमच्याच जुन्या मेसेजवरून शिकवतो त्याले. डिट्टो तुमच्यासारखा!"

"माझ्यासारखा?" धनलालजी दचकले. "अरे, माझी बायको एकालेच झेलून राहिली, दोघांले कशी झेलन?"

"तसं नाही जी! गोड बोलन, भाव सांगन, गिऱ्हाईक आणन!"

"बरं, हप्ताभर पाहू. जमलं त वर्षाचा करार. नाही जमलं त तुझे ते क्यामेरेही काढून नेजो."

कॅमेऱ्यांचा करार हाच दुकानाचा कणा होता. पण सल्लागारानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. त्यानं यंत्राला धनलालजींचे सगळे जुने मेसेज दिले, भाव विचारून पाहिला, उत्तर बरोबर आलं. "झालं!" म्हणाला. "आता फोनला हात लावू नका. शिकणं बिघडते त्याचं. रोज किती लोक येणार, तेवढा आकडा पाहत जा."

आता इथं वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्याकडं फोन असो की बांधावरची गाठ, बोलणं कोणी असंच संपवत नाही. "या ना जी एक दिवस जेवायले, पोराबारांले घेऊन!" असं म्हणावं लागतं. समोरच्यानं "येतो ना जी!" म्हणायचं. बोलावणाऱ्याला माहीत असतं की कोणी येत नाही, येणाऱ्याला माहीत असतं की आपण जात नाही, आणि दोघंही खुशीत घरी जातात. धनलालजींचा तर एकही मेसेज याच्याशिवाय सुटत नसे. भाव लिहिला की खाली आग्रह. उधारी मागितली तरी खाली आग्रह!

यंत्र हे सगळं शिकलं. फक्त ते खोटं असतं, एवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय यंत्राचा स्वभाव तालुक्याच्या बाबूच्या अगदी उलटा, काम अर्धवट ठेवायचंच नाही! कोणी "येतो ना जी" लिहिलं की ते लगेच विचारी, "कधी येता? रविवारी सकाळी अकरा वाजता या. किती जण? लाखोरीच्या डाळीचे वडे चालतात ना? मुक्काम कराल का?"

शुक्रवारी धनलालजींचा फोन आला. "लोकेंद्र! अरे आकडा पाहिला का? रविवारी येनारे दीडशेच्या वर!"

"पाहिला ना जी!" लोकेंद्रनं छाती फुगवली. "सगळे धान घेऊन येऊन राहिले!"

"एक जन लिहिते, ट्रॅक्टर काढतो म्हनून!"

"मंग! याले म्हणतात एआय!"

धनलालजींनी रविवारची मिल सुरू ठेवली. जास्तीचे हमाल बोलावले. वजनकाटा पुसून घेतला. अंगणात पोती उतरवायला ताडपत्र्या अंथरल्या. लोकेंद्रनं योगेश्वरीला सांगितलं, "हेमेंद्रले कळव, नोकरी दुसऱ्या कोनाले दे म्हणा." आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो रविवारी साडेदहालाच मिलवर हजर झाला.

अकराला पहिला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पोती नव्हती. ट्रॉलीत माणसं होती! नव्या साड्या, तेल लावून विंचरलेली पोरं, आणि सगळ्यात पुढं चोरखमाऱ्याचे केवळराम, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल.

"रामराम जी!" केवळराम उतरले.

"रामराम. धान कुठं आहे जी?" धनलालजींनी ट्रॉलीत डोकावून विचारलं.

"धान कायले?" केवळराम चकित झाले. "जेवायले आलो ना जी!"

धनलालजींनी लोकेंद्रकडं पाहिलं. लोकेंद्रनं वजनकाट्याकडं पाहिलं. मागून दुसरा ट्रॅक्टर वळला, मग तिसरा, मग मोटारसायकलींची रांगच लागली. सुशिलाबाई नावाच्या धनलालजींच्या एक दूरच्या आत्या तर दरेकशाहून रेल्वेनं आल्या होत्या, कपड्यांची पिशवी आणि उशी घेऊन. "चार दिवस मुक्काम करा म्हनलं तुम्ही," त्या म्हणाल्या, "म्हनून शेजारणीले कोंबड्या सांगून आली. आंगोळीचं पानी गरम भेटन ना?"

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण इतक्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून पेढ्यांचा डबा घेऊन खुद्द छोटेलाल उतरला! दोन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"मैंने तो बस आपका भाव पूछा था, आपने इतने प्यार से बुलाया भैया," छोटेलाल डोळे पुसत म्हणाला, "तो मैंने कहा, जाना ही पडेगा. लाखोरी के वडे के लिए तो जाना ही पडेगा!"

लोकेंद्र हळूच फाटकाकडं सरकू लागला. धनलालजींनी त्याची कॉलर धरली.

"काऊन रे! हे काय करून ठेवलं?"

"सिस्टिम जरा जास्तच शिकली जी..."

"आतमंदी चल! चमेलीले तूच सांग!"

धनलालजींच्या बायकोनं, चमेलीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला. "पाहुना दारात उभा आहे, आन् तुम्ही दोघं कोनी काय केलं ते इचारून राहिले? मिल कोनाची आहे? तांदराची! मंग भात त होइनच ना! हमाल बसले आहेत फुकट, त्याइले कांदे चिरायले लावा. आन् हा सल्लागार," त्यांनी लोकेंद्रला नखशिखांत न्याहाळलं, "याले डाळ वाटायले बसवा."

आणि खरंच, मग सगळं जमत गेलं. कोणीच रिकाम्या हातानं आलं नव्हतं. कोणी वांगी, कोणी सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, कोणी घरची लाखोरीची डाळ, तर केवळरामांनी तलावातले मासे आणले होते. धान उतरवायच्या ताडपत्र्यांवर पंगती बसल्या. लोकेंद्रचा इस्त्रीचा शर्ट डाळीनं पिवळा झाला. पण वडे असे उतरले की छोटेलाल मोजायचंच विसरला.

सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण केवळरामांनी दुसऱ्यांदा भात घेताना म्हटलं, "धनलालजी, तुम्ही असं बोलावलं, बहुत बरं वाटलं," आणि धनलालजींचा सकाळपासूनचा वैताग तोंडातून बाहेर पडला. "अजी, मी कायले बोलावतो! ह्या पोट्ट्याच्या मशीननं बोलावलं!"

केवळरामांनी घास ताटात ठेवला. "म्हंजे तुम्ही बोलावलंच नाही?"

धनलालजींचा चेहरा पडला. बोललेलं गिळता येत नाही. सुशिलाबाईंनी उशी काखेत घेतली. लोकेंद्रला वाटलं, संपलं. करार गेला, कॅमेरे गेले, आणि आता पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळते का ते पाहायचं! पण त्याहीपेक्षा त्याला केवळरामांच्या ताटाकडं पाहवेना. हातातलं वड्यांचं घमेलं घेऊन तो पंगतीच्या मधोमध गेला.

"काकाजी, एक सांगू का? ही मशीन मनचं काहीच लिहीत नाही. तिले मन नाही. तिले मी फक्त धनलालजींचे मेसेज शिकवले. सात वर्षांचे. त्याइच्यात भाव कधी चुकला असन, तारीख चुकली असन, पन या जेवायले हे एकाही मेसेजात चुकलं नाही. मशीननं बोलावलं नाही जी. बोलावलं त धनलालजींनंच. मशीननं फक्त दिवस ठरवला."

मग केवळरामांनी घास उचलला.

"मंग बरं झालं मशीन आली," ते म्हणाले. "इतले साल आम्ही दिवसाचीच वाट पाहून राहिलो होतो."

हसण्याचा असा स्फोट झाला की मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. धनलालजींनी डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पंगतीनं सांगून टाकलं, यंदाचं धान पुन्हा इकडंच. छोटेलालनं ते ऐकलं आणि चिडण्याऐवजी लोकेंद्रला बाजूला घेतलं.

"ये मशीन मेरे को भी लगा के दे. मेरा फोन भाव बताता है, पर किसी को खाने पे नहीं बुलाता!"

"लावून देतो ना जी," लोकेंद्र म्हणाला. आणि सकाळपासूनचं सगळं आठवून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं खरा सल्ला दिला. "पन मशीन लिहीन ते मी अगोदर वाचीन. मंगच तो मेसेज जाईन. त्याचे महिन्याचे वेगळे पैसे."

"हां, वो तो लगेगा ही!" छोटेलाल म्हणाला.

"माझ्याकडंही तसंच," धनलालजी मागून म्हणाले. "वाचल्याशिवाय रामरामही जाऊ देजो नको."

झाला की नाही धंदा! यंत्र विकून नव्हे, यंत्रावर डोळा ठेवून! लोकेंद्र घरी आला तो उड्या मारतच. योगेश्वरीनं त्याच्या पिवळ्या शर्टाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं पाहिलं, आणि पुण्याला न्यायची बॅग माळ्यावर परत टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही.

पुढचा आठवडा सल्लागार दुकानात ऐटीत बसला. समोर दोन स्क्रीन. डावीकडं धनलालजींचं यंत्र, उजवीकडं छोटेलालचं. प्रत्येक मेसेज वाचायचा आणि बटण दाबायचं. बुधवारी दोन्ही यंत्रांची एकमेकांशीच गाठ पडली! एक म्हणे, "या ना जी जेवायले." दुसरं म्हणे, "पहले आप आइये." "नाही जी, आधी तुम्ही." "नहीं भैया, पहले आप." यंत्रं थकेनात, आग्रह संपेना. लोकेंद्र वाचतोय, दाबतोय, वाचतोय, दाबतोय. दुपारी एका दवाखान्याचे डॉक्टर स्वतः दुकानात आले, आम्हालाही एआयचा सल्ला पाहिजे म्हणाले. लोकेंद्रनं त्यांना चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली, पंगतीची हकीकत रंगवून ऐकवली. अंगठा मात्र बटणावर चालूच होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा योगेश्वरी दारातच उभी होती, हातात फोन.

"छोटेलालजींच्या बायकोचा फोन होता. आन् चमेलीकाकूंचाही. रविवारी अकरा वाजता येऊन राहिले सगळे."

"कुठं?"

"इथं! दोन्ही मशीनचं आधी कोनाकडं ते ठरेना, मंग त्या मशीनीइनंच मिळून ठरवलं म्हने, दोघांच्या सल्लागाराच्या घरी. तुम्हीच मंजूर केलं म्हनतात."

लोकेंद्रनं पटकन फोन काढून पाहिलं. मेसेज होता. खाली कुडव्याचा पत्ता होता. आणि त्याच्याखाली, डॉक्टरसाहेबांचा चहा येण्याच्या वेळी, त्याच्याच अंगठ्यानं दिलेली मंजुरी होती!

त्याला पुन्हा तहान लागली. "किती जन आहेत?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"येऊ द्या जी कितीही," योगेश्वरी हसत म्हणाली. "इथंच राहायचं आहे आता आपल्याले. भात मी टाकीन. भांडे मात्र सल्लागार घासतील!"